मधेच आलेलं आधीचं पुस्तक

समजा, एखादी गोष्ट तुम्ही चौदा वर्षं ऐकताय. दहा भाग झालेत. जग बुडायच्या बेतात आहे, नायकाच्या डोक्यात वेड शिरतंय, अर्धा डझन राण्या आणि सेनापती आपापल्या जागी अडकून पडलेत. पुढे काय होणार म्हणून तुम्ही कान टवकारून बसलाय. आणि सांगणारा म्हणतो, "थांबा जरा, वीस वर्षांपूर्वी काय झालं होतं ते आधी सांगतो."

जानेवारी २००४मध्ये 'द व्हील ऑफ टाइम' या मालिकेच्या वाचकांचं नेमकं हेच झालं. रॉबर्ट जॉर्डनचं नवं पुस्तक आलं, पण तो अकरावा भाग नव्हता. ती पूर्वकथा होती, म्हणजे आपण ज्याला सरळ प्रीक्वल म्हणतो ते. नाव 'न्यू स्प्रिंग'. या मालिकेतल्या जाडजूड ग्रंथांच्या मानाने अगदीच सडपातळ, तीनशेहून थोडी जास्त पानं.

या पुस्तकाबद्दल वाचकांनी काय काय म्हटलं आणि ते म्हणणं वीस वर्षांत कसं बदलत गेलं, याचा हा छोटासा इतिहास आहे. मी तो लिहायला घेतला त्याला एक कारण आहे. आपण हल्ली कुठलंही पुस्तक उघडण्याआधी फोनवर त्याचे तारे बघतो. पाचपैकी किती, एवढंच. पण ते तारे कुणी, कधी आणि काय वाट बघत असताना दिले, हे त्या आकड्यात दिसत नाही. 'न्यू स्प्रिंग'च्या बाबतीत मला तरी ते 'कधी' हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

राग कुठून आला?

रॉबर्ट जॉर्डन हे टोपणनाव. खरं नाव जेम्स ऑलिव्हर रिग्नी ज्युनियर. जन्म १९४८चा, गाव साउथ कॅरोलायनातलं चार्ल्सटन. व्हिएतनामच्या युद्धात हेलिकॉप्टरवर बंदूक चालवली, परत येऊन भौतिकशास्त्र शिकला, अमेरिकी नौदलासाठी अणुअभियंता म्हणून काम केलं आणि मग लेखक झाला. मनात तीन पुस्तकांची गोष्ट होती, करार सहांचा झाला आणि शेवटी मालिका चौदा भागांची झाली. पहिला भाग, 'द आय ऑफ द वर्ल्ड', जानेवारी १९९०मध्ये आला. दुसरा त्याच वर्षी नोव्हेंबरात. तिसरा १९९१, चौथा १९९२, पाचवा १९९३, सहावा १९९४.

म्हणजे बघा, लेखकानेच वाचकांना वर्षाला एक पुस्तक अशी सवय लावली होती. दिवाळी अंकासारखं. मग वेग मंदावला. आठवा भाग ऑक्टोबर १९९८, नववा नोव्हेंबर २०००, दहावा जानेवारी २००३. दोन भागांमधलं अंतर दोन वर्षांच्या पुढे गेलं.

त्यातून दहाव्या भागाने वाचकांना फार छळलं. नवव्या भागाच्या शेवटी एक प्रचंड घटना घडते. दहाव्या भागाचा मोठा हिस्सा त्याच दिवसाच्या आसपास घोटाळत राहतो. दूर कुठेतरी काहीतरी भयंकर चाललंय हे एकेका पात्राला जाणवतं, मग ती पात्रं त्यावर बोलतात, चहा पितात, कपडे बदलतात. सव्वादोन वर्षं वाट बघून हातात आलेल्या जाडजूड पुस्तकात गोष्ट जागची हललीच नाही, ही तक्रार तेव्हा सगळीकडे होती. तरी खप कमी झाला नव्हता. आठव्या भागापासून पुढचा प्रत्येक भाग न्यूयॉर्क टाइम्सच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. लोक चिडत होते आणि विकतही घेत होते. आपल्याकडे रोजची मालिका शिव्या घालत घालत बघणारं घर असतं ना, तसंच.

आणि अशा वेळी एका वर्षाने आलं काय, तर पूर्वकथा. त्यातही पूर्ण नवी नाही. १९९८मध्ये रॉबर्ट सिल्व्हरबर्गने 'लेजेंड्स' नावाचा एक संग्रह संपादित केला होता. अकरा गाजलेल्या लेखकांनी आपापल्या काल्पनिक जगातली एकेक दीर्घकथा त्यात दिली होती. 'न्यू स्प्रिंग' ही मूळची त्यातली दीर्घकथा. तीच वाढवून, पुढे बराच नवा मजकूर जोडून, कादंबरी केलेली. त्यामुळे २००४च्या वाचकांची तक्रार दुहेरी होती. एक, हे आत्ता कशाला? दोन, यातलं निम्मं आम्ही आधीच वाचलंय.

पुस्तकात आहे काय?

मालिका न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. मोठं रहस्य फोडत नाही, पण ज्यांना काहीच कळू नये असं वाटतं त्यांनी पुढचे चार परिच्छेद सोडावेत.

'द आय ऑफ द वर्ल्ड'मध्ये एका आडगावात म्वारेन नावाची एक बाई येते. ती जादू जाणणाऱ्या स्त्रियांच्या संघातली, 'आयझ सेडाय'. तिच्याबरोबर लॅन नावाचा एक अबोल योद्धा. गावातल्या तीन पोरांपैकी एकजण जगाचं भवितव्य ठरवणार आहे, असं तिला कळलेलं असतं. 'न्यू स्प्रिंग' याच्या वीस वर्षं आधी घडते. म्वारेन अजून विद्यार्थिनी आहे. तिची जिवलग मैत्रीण स्वान, कोळ्याची मुलगी. म्वारेन मात्र राजघराण्यातली.

शहराच्या तटाबाहेर, बर्फात, एक मोठं युद्ध संपत आलेलं आहे. आत मनोऱ्यात या दोघी रात्री प्रमुख आयझ सेडायच्या दालनात कामाला हजर असतात. तेव्हाच तिथली एक वृद्धा भविष्यवाणी करते आणि तिथेच प्राण सोडते. तारणहार जन्माला आलाय. डोंगराच्या उतारावर, आत्ता, या क्षणी. हे त्या खोलीतल्या तिघींनाच कळतं.

मग विद्यार्थिनींना छावण्यांमध्ये पाठवलं जातं. निमित्त असं की, त्या दिवसांत बाळंत झालेल्या बायांना बक्षीस द्यायचंय, तर त्यांची नावं लिहून आणा. थंडीने बोटं आखडलेली, शाई गोठायला आलेली, आणि समोर बायांची रांग. कुणाचा नवरा लढाईत गेलाय, कुणी आपलं मूल दोन दिवस आधी जन्मलेलं असूनही यादीत घुसवू बघतेय. या शेकडो नावांत एक नाव जगाला वाचवणार आहे आणि ते कोणतं, हे लिहिणारीला माहीत नाही. ड्रॅगन, तलवारी, जादू वगैरे सगळं असलेल्या मालिकेत मला सर्वांत थरारक वाटलेला प्रसंग हा आहे. दोन मुली, एक वही आणि जन्मनोंदी.

दुसरीकडे लॅनच्या नजरेतून युद्ध दिसतं. शत्रू माघार घेतोय. आपण जिंकलो, असं मित्रसैन्याला वाटतं. खरं म्हणजे आयील लोक ज्या एका राजाला मारायला आले होते त्याला त्यांनी मारलेलं असतं आणि काम झालं म्हणून ते घरी निघालेले असतात. प्रत्यक्ष युद्धावर जाऊन आलेल्या माणसाने हे लिहिलंय, हे विसरून मला ती पानं वाचता येत नाहीत.

वाचकांची चार मतं

आता मतांकडे येऊ. ढोबळमानाने ती चार गटांत पडतात.

पहिलं मत रागाचं. पुस्तक बरं असेल नसेल, ते यायलाच नको होतं. लेखकाचा प्रत्येक दिवस मुख्य गोष्टीला मिळायला हवा.

दुसरं मत कंटाळ्याचं. शेवट ठाऊक आहे, मग धाकधूक कसली? म्वारेन जगणार, लॅन जगणार, दोघं एकत्र येणार, हे वाचकाला १९९०पासून माहीत आहे. त्यात कपड्यांची आणि शिंपिणींची वर्णनं, परीक्षेसाठी करायचे शंभर जादूचे विणकाम-प्रकार आणि त्यांचा सराव. यातून नवीन काय कळलं?

तिसरं मत आनंदाचं आणि ते बहुतेक म्वारेनच्या चाहत्यांचं. याचं कारण मालिकेच्या रचनेत आहे. १९९३च्या पाचव्या भागानंतर म्वारेन गोष्टीतून बाहेर जाते आणि २०१०च्या तेराव्या भागापर्यंत समोर येत नाही. सतरा वर्षं! ज्यांचं या बाईवर प्रेम होतं त्यांना तिच्या नजरेतून सांगितलेलं पुस्तक मधल्या काळात हे एकच मिळालं. त्यात ती पोक्त, गूढ वगैरे नाही. अवखळ आहे, हट्टी आहे, खोड्या काढते, चुकते, रडते. आणि स्वानशी तिची मैत्री या जाड ग्रंथांत कुठेच इतकी मोकळी झालेली नाही.

चौथं मत गतीचं. हे पुस्तक लहान आहे, सरळ आहे, त्यात पात्रांची गर्दी नाही. दहाव्या भागात हरवलेला लेखक इथे परत सापडला, असं म्हणणारे वाचक बरेच होते. अकरावा भाग ऑक्टोबर २००५मध्ये आला आणि त्यात गोष्ट पुन्हा पळायला लागली. तेव्हा काहींनी याचं श्रेय या मधल्या छोट्या पुस्तकालाच दिलं. हे सिद्ध करता येणार नाही, पण लेखकाच्या कामाची थोडी कल्पना असलेल्या कुणालाही अशक्य वाटणार नाही.

सात महिन्यांचा हिशोब

राग खरा होता की खोटा, यात मला पडायचं नाही. वाट बघणाऱ्याचा राग खराच असतो. पण हिशोब मांडता येतो.

आठव्या आणि नवव्या भागांत अंतर होतं साधारण २ वर्षं १ महिना. नवव्या आणि दहाव्यात २ वर्षं २ महिने. दहाव्या आणि अकराव्यात, म्हणजे मधे 'न्यू स्प्रिंग' येऊनही, २ वर्षं ९ महिने. थोडक्यात, पूर्वकथेमुळे मालिका लांबली असं धरलं, तर लांबली ती सात महिन्यांनी.

एरवी सात महिने म्हणजे काहीच नाही. पण मार्च २००६मध्ये जॉर्डनने जाहीर केलं की, त्याला अमायलॉयडोसिस नावाचा दुर्मीळ रक्तविकार झालाय आणि त्याचा परिणाम हृदयावर होतोय. १६ सप्टेंबर २००७ रोजी तो गेला. वय ५८. बारावा आणि त्याच्या मते शेवटचा भाग अपुरा होता. शेवटच्या महिन्यांत तो घरच्यांना गोष्ट सांगत राहिला, त्यांनी ती टिपून घेतली. अगदी अखेरचा प्रसंग त्याने आधीच लिहून ठेवला होता.

मग त्या सात महिन्यांचं वजन एकदम वाढलं. पूर्वकथा लिहिली नसती, तर त्याने मालिका स्वतःच्या हाताने पुरी केली असती का, हा प्रश्न तेव्हा पुष्कळांच्या मनात आला. माझं उत्तर नाही असं आहे आणि ते भावनेतून आलेलं नाही. त्याची पत्नी आणि संपादक हॅरिएट मॅक्डूगल हिने उरलेलं काम ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाकडे सोपवलं. तो 'एक' भाग लिहायला बसला आणि त्याचे तीन झाले, २००९, २०१० आणि २०१३मध्ये. तिन्ही चांगले जाडजूड. एवढा मजकूर जॉर्डनच्या वेगाने सात महिन्यांत लिहून होणं शक्यच नव्हतं.

म्हणजे २००४चा आरोप आकड्यांत टिकत नाही. तरीही तो करणाऱ्यांची भीती साफ खरी ठरली. लेखक वेळेत पोचणार नाही, हीच ती भीती होती. कारण चुकीचं होतं, पण धास्ती बरोबर होती.

आधी वाचायचं की नंतर?

२०१३मध्ये मालिका संपली आणि 'न्यू स्प्रिंग'वरची मतं बदलायला लागली. नव्या वाचकाला वाट बघावी लागत नव्हती. पंधराच्या पंधरा पुस्तकं फोनमध्ये उतरवून घेता येत होती. मीही याच पिढीतला, मालिका पुरी झाल्यावर तिच्यात शिरलेला. मला हे पुस्तक अडथळा वाटायचा प्रश्नच नव्हता. मधल्या भागांच्या दमवणाऱ्या चढानंतर लागलेला तो पाण्याचा झरा वाटला. २०२१मध्ये दूरचित्र मालिका आली, तिच्यात रोझमंड पाइकने म्वारेनचं काम केलं आणि गोष्टीचा केंद्रबिंदूच म्वारेनकडे सरकला. साहजिकच नवे लोक 'न्यू स्प्रिंग' शोधू लागले. वाद उरला तो एवढाच, की कोणत्या क्रमाने वाचायचं?

हा वाद जुना आहे. सी. एस. लुइसची नार्निया मालिका १९५० ते १९५६ या काळात आली. तिच्यातली पूर्वकथा, 'द मॅजिशियन्स नेफ्यू', सहावी आली, १९५५मध्ये. १९५७मध्ये एका अमेरिकन मुलाने लुइसला विचारलं, घटना घडल्या त्या क्रमाने वाचू का? लुइसने त्याच्या बाजूने कौल दिला, पण कोणत्या क्रमाने वाचता याने कदाचित फारसा फरक पडत नाही, असंही पत्रात म्हटलं. पुढे १९९४मध्ये प्रकाशकांनी नव्या आवृत्तीत पूर्वकथेवर चक्क १ हा आकडा छापला. आजही त्यावर वाचक भांडतात. बर्फाळ जंगलात मधेच एक रस्त्यावरचा दिवा उभा आहे, हे पहिल्या पुस्तकातलं आश्चर्य. पूर्वकथा आधी वाचली, तर तो दिवा तिथे कसा आला हे तुम्हाला ठाऊकच असतं. मग आश्चर्य कसलं?

'न्यू स्प्रिंग'लाही हेच लागू आहे. पहिल्या भागात म्वारेनवर विश्वास ठेवावा की नाही, हे त्या पोरांना कळत नाही आणि आपल्यालाही कळत नाही. गोष्टीतला अर्धा ताण त्यावर उभा आहे. ज्याने आधी तिला मैत्रिणीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडताना पाहिलंय त्याला तो ताण कधीच मिळणार नाही. म्हणून माझं मत, पाचवा भाग झाल्यावर वाचा. तेव्हा तिची आठवण ताजी असते.

श्रोत्यांनी मागितलेली पूर्वकथा

पूर्वकथेला मुळातच विरोध असणाऱ्यांना मी आपल्या घरातलं एक उदाहरण देतो. महाभारत संपल्यावर शौनक ऋषी सूताला म्हणतात की, कुरूंच्या जन्माची कथा तू सांगितलीस, वृष्णी आणि अंधकांची राहिली, ती सांग. त्यातून हरिवंश येतो. महाभारताचं खिल, म्हणजे पुरवणी. कृष्णाचं गोकुळातलं बालपण त्यात आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीनंतर हरिवंशाचीही आवृत्ती काढली, परशुराम लक्ष्मण वैद्यांनी संपादित केलेली.

युद्धात मुरब्बी मुत्सद्दी म्हणून पाहिलेला माणूस लहानपणी कसा होता, हे ऐकावंसं वाटणं ही फार जुनी भूक आहे. शेवट माहीत असूनही आपण कृष्णजन्माला रात्री बारापर्यंत जागतो. तेव्हा 'शेवट माहीत आहे, मग कशाला वाचायचं' हे दुसऱ्या गटाचं म्हणणं आपल्या संस्कृतीत तरी टिकणारं नाही. फरक आहे तो वेळेचा. शौनकांनी पुरवणी मागितली ती कथा पुरी झाल्यावर. जॉर्डनच्या श्रोत्यांना ती न मागता, मधेच ऐकावी लागली.

हीच गोष्ट आज पुन्हा घडतेय. 'लेजेंड्स' या १९९८च्या संग्रहात आणखी एक पूर्वकथा होती, जॉर्ज आर. आर. मार्टिनची 'द हेज नाइट', 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या साधारण नव्वद वर्षं आधीची. मार्टिनच्या मुख्य मालिकेचा पाचवा भाग २०११मध्ये आला. सहावा हे लिहीपर्यंत आलेला नाही. मधल्या काळात २०१८मध्ये 'फायर अँड ब्लड' हा पूर्वेतिहास मात्र आला आणि त्यावर 'हाउस ऑफ द ड्रॅगन' निघाली. वाचकांचा राग शब्दशः २००४चाच आहे. त्या रागात धास्ती आहे आणि ती धास्ती जॉर्डनच्या वाचकांकडून वारशाने आलेली आहे.

म्हणून एखाद्या पूर्वकथेबद्दलचं मत वाचताना त्यावरची तारीख बघावी, असं मला वाटतं. २००४चं मत सांगतं की, लोक किती आतुरतेने वाट बघत होते. २००७नंतरचं मत सांगतं की, माणूस गेल्यावर त्याचं छोटं पुस्तकही किती जपून वाचलं जातं. आजचं मत पुस्तकाबद्दल सांगतं. तिन्हींची सरासरी काढली, तर हाती येतो एक आकडा आणि तो या तिघांपैकी कुणाचाच नसतो.

एक शेवटची नोंद. जॉर्डनच्या मनात पूर्वकथा एक नव्हती, तीन होत्या. दुसरी होती टॅम या सैनिकाची, ज्याला त्याच बर्फाळ डोंगरावर एक तान्हं मूल सापडतं. तिसरी, म्वारेन आणि लॅन त्या मुलाच्या गावापर्यंत कसे पोचले त्याची. वाचक म्हणत होते, आधी मुख्य गोष्ट संपवा. त्यानेही या दोन्ही बाजूला ठेवल्या, मालिका पुरी झाल्यावर लिहायच्या म्हणून.

त्या दोन पुस्तकांबद्दल आज कुणाचंच काही मत नाही.